बरवालीच्या पुढचा रस्ता

आप्पा फौजेत होते तोवर आईला त्यांचा एकच पत्ता ठाऊक होता. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’. माणूस राजस्थानात असो की काश्मिरात, पत्ता तोच. पूर्वेकडे बदली झाली की छप्पनचं नव्याण्णव व्हायचं, एवढाच काय तो फरक. नवरा नेमका कुठल्या डोंगरावर आहे हे पाकिटावरून कुणाला कळू नये म्हणून फौजेनं केलेली ही सोय. पण त्यामुळे बायकोलाही ते कळायचं नाही. आई चौथी शिकलेली. आंतरदेशीय पत्रावर ‘५६ एपीओ’ एवढं ती इतक्या वळणदार अक्षरात काढायची की आमच्या गावचे पोस्टमास्तर कौतुक करत. आप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि एके दिवशी भाकऱ्या थापताथापता ती म्हणाली, “ते छप्पन एपीओ मला एकदा बघायचंय.”

आप्पा खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे, म्हणजे आमच्याकडच्या बोलण्यात ‘बीईजीवाले’. सॅपर म्हणून भरती झाले आणि नायब सुभेदार होऊन पेन्शनीत आले. नोकरीतल्या बाकी ठिकाणांविषयी ते फारसं बोलत नसत. बोलत ते जम्मू ते राजौरी या एका रस्त्याविषयी. १९७१च्या लढाईनंतर शेतांत, पायवाटांवर पेरलेले सुरुंग काढायच्या कामावर ते नौशेऱ्याच्या बाजूला होते. म्हणून आईला घेऊन मी त्याच रस्त्याला लागले. वैशाखी जवळ आली होती. गहू पिवळा पडू लागला होता.

जम्मू शहरानं आईला पहिल्या सकाळीच आपलंसं केलं. रघुनाथ बाजारातल्या एका दुकानात आम्ही नुसत्या डोकावलो, तर दुकानदारानं काय हवं हे विचारायच्या आधी स्टूल पुसून पुढं केलं, “बैठो जी.” आमच्याकडे साताऱ्याच्या पेठेत ‘काय पायजे’ पहिलं येतं, बसणं उठणं नंतर. पलीकडच्या गाड्यावर कलाडी भाजत होते. दुधाच्या या जाड चपट्या चकत्या तव्यावर टाकल्या की स्वतःच्याच तुपात तांबूस होतात, वर मीठ भुरभुरायचं आणि कुलच्यात घालून द्यायचं. बाहेरून कुरकुरीत, आतून तार सुटलेली. आईनं एक घास घेतला, चावताचावता थांबली आणि म्हणाली, “हे त्यांनी लिहिलं होतं. दुधाची भाकरी भाजतात म्हणून.” आप्पांच्या पत्रात स्वतःच्या कामाबद्दल कधी अवाक्षर नसायचं. खाण्याबद्दल मात्र असायचं. अंबल नावाची भोपळ्याची आंबटगोड भाजी, भदरवाहचा बारीक राजमा, त्यावर अनारदाण्याची चटणी. घरच्यांनी काळजी करू नये म्हणून माणूस आपलं पोट भरलेलं आहे एवढंच कळवत राहायचा.

गाडीचा चालक सुंदरबनीकडचा, तिशीतला. आईला ‘पैरी पौना, माताजी’ म्हणत वाकला. आप्पा फौजेत होते कळल्यावर त्यानं पुढचा प्रश्न विचारला, “कौन सी पलटन?” हा प्रश्न ऐकून मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही पाव्हणा फौजेतला निघाला की गाव, जात, शेती सगळं मागं राहतं आणि आधी पलटण विचारतात. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. डोगऱ्यांच्या मुलखात तर पुष्कळ घरांतून कुणी ना कुणी वर्दीत. फरक जाणवला तो वेगळाच. आमच्याकडे लढाई ही रेडिओवर ऐकायची, लेक तिकडे गेलेला असायचा. इथे लढाई अंगणात येते. चालकाच्या घरामागे सरकारनं बांधून दिलेला बंकर आहे आणि त्यात त्याची बायको एरवी कांदे-बटाटे ठेवते.

अखनूरला चिनाब लागते. डोंगरातून सुटून नदी इथे मैदानात उतरते. पाणी रुंद, हिरवट, पण ओढ अजून डोंगरातलीच. काठावर किल्ला आहे आणि खाली जियापोता घाट, जिथे १८२२ साली महाराजा रणजितसिंगांनी गुलाबसिंगांना राजतिलक केला. आम्ही मात्र पुलाकडे बघत उभ्या राहिलो. नौशेरा, राजौरी, पूंछ या सगळ्या मुलखाचा जीव या पुलात. १ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानी रणगाडे सीमेवरच्या छांबमध्ये घुसले ते अखनूरच गाठायला. ते पोचले असते तर पुढची सगळी ठाणी तुटली असती. आप्पा तेव्हा नवखे सॅपर होते. पुढे आम्ही शाळेत गेलो आणि नकाशा भरायची वेळ आली की ते आधी चिनाब काढायला लावत, मग कृष्णा.

तपासनाक्यावर कागद बघणाऱ्या जवानानं माझ्या आधारकार्डावरचं ‘सातारा’ वाचलं आणि एकदम मराठीत बोलला, “मावशी, एवढ्या लांब? कुणी हाय का फौजेत?” पोरगा जतकडचा होता. आईनं पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. ड्यूटीवर असल्यामुळे तो घेईना. आईनं चार लाडू कागदात गुंडाळले आणि गाडीतून हात बाहेर काढून वाळूच्या पोत्यांवर ठेवून दिले. “ड्यूटी संपल्यावर खा,” म्हणाली, आणि पुढचे कितीतरी मैल गप्प बसली.

सुंदरबनीच्या पुढे चीड सुरू होतात. उंच सरळ झाडं, खाली सुयांसारख्या वाळल्या पानांचा थर, आणि त्यात पडलेली लाकडी फुलांसारखी बोंडं. आईनं गाडी थांबवायला लावली. उतरली, वाकली, एक बोंड उचललं. “हे तर आपल्या देवघरात हाय.” खरंच होतं. आप्पा सुट्टीवर येताना काळ्या ट्रंकेत आमच्यासाठी असलं काहीतरी भरून आणायचे. वर कॅन्टीनचा साबण, बॅटरीचे सेल, आईला लोकर, आणि तळाशी ही बोंडं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. ती ट्रंक दारातून आत येताना जो आवाज व्हायचा तो आमच्या घरातला वर्षातला सगळ्यात मोठा सण.

नौशेरा हे गाव तवीच्या काठी, चारी बाजूंनी टेकड्यांनी घेरलेलं. बाजार साधाच, कापडाची आणि भांड्यांची दुकानं, मधेच समोशांची कढई. पण इथल्या माणसांशी बोलायला लागलं की दुसऱ्या तिसऱ्या वाक्याला पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या लढाईत इथली ब्रिगेड सांभाळणारे ब्रिगेडिअर उस्मान येतात. १९४७च्या डिसेंबरात नौशेऱ्याजवळचं झंगड हातचं गेलं तेव्हा ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही असं मोहम्मद उस्मान यांनी ठरवलं, आणि कडाक्याच्या थंडीत जमिनीवर चटई टाकून झोपले. १८ मार्च १९४८ला झंगड घेतलं, तेव्हा कुठे खाट आली. ३ जुलैला त्याच झंगडला तोफगोळ्यानं ते गेले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. पगाराचा मोठा वाटा गरीब पोरांच्या शिक्षणाला जायचा, आणि नौशेऱ्यात अनाथ झालेल्या पोरांना त्यांनी जवळ करून कामाला लावलं, शिकवलं. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्यानं हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “ज्याला घर नव्हतं त्यानं एवढ्यांचं घर केलं. आणि ज्याला घर होतं...” वाक्य तिनं सोडून दिलं.

तिचं दुःख मला माहीत आहे. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी ती अडली होती. बैलगाडीतून कोरेगावला नेली. तार केली ती आप्पांच्या हातात पडेपर्यंत बारसं होऊन गेलं होतं. आप्पांनी उत्तरादाखल जे पत्र पाठवलं ते अजून आहे. त्यात मुलगा झाल्याचा आनंद एका ओळीत, आणि उरलेलं सगळं पत्र कामांचं: तिला चाळीस दिवस विहिरीवर पाठवू नका, डिंक आणि खोबरं घ्यायला वेगळी मनीऑर्डर केली आहे, थोरलीची पाढ्यांची वही तपासा, दादांचा चष्मा बदलायला झाला असेल, खालच्या वावरात पाणी देताना बांध बघून द्या. मी लहानपणी ही पत्रं वाचून चिडायचे. वाटायचं, हा माणूस घरालाही हुकूम सोडतो. आता पन्नाशीनंतर ती वाचते तेव्हा दिसतं की तो माणूस दीड हजार मैलांवर बसून रोज रात्री आमच्या घरातून फिरत होता. चुलीपासून विहिरीपर्यंत, म्हाताऱ्यांच्या चष्म्यापासून पोरांच्या वहीपर्यंत, आणि कुठं कुणाच्या पायाखाली काय येईल ते बघत होता.

नौशेऱ्याहून उत्तरेला रस्ता चढायला लागतो आणि बरवालीची धार येते. या जागेची गोष्ट आप्पा जशी सांगायचे तशीच मी आईला सांगितली, कारण ती तिनं कधी नीट ऐकली नव्हती. ते सांगायला बसले की ती स्वयंपाकात असायची.

गोष्ट रामा राघोबा राणे यांची. कारवारजवळच्या चेंडिया गावचा माणूस, वडील पोलीस शिपाई. १० जुलै १९४०ला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा जवान म्हणून भरती. ब्रह्मदेशात आराकानच्या लढाईत माघारीच्या वेळी बुथिडाँगला दोन सेक्शन घेऊन मागं थांबायचं आणि दारूगोळा शत्रूच्या हाती लागू न देता उडवायचा हे काम त्यांच्याकडे आलं. काम झाल्यावर न्यायला येणारी बोट आलीच नाही. जपानी गस्तीतून नदी ओलांडून त्यांनी माणसं परत आणली. नाईक, हवालदार असं करत वर चढले आणि १५ डिसेंबर १९४७ला अधिकारी झाले. खडकीच्या सेंटरमध्ये रिक्रूटांना उस्ताद राण्यांचं नाव आधी शिकवत, आप्पा म्हणायचे, कारण तो माणूस आपल्यातूनच वर गेला.

८ एप्रिल १९४८ला डोग्रा पलटणीनं बरवालीची धार घेतली. पुढे हल्लेखोरांच्या ताब्यातल्या राजौरीपर्यंत रस्ता होता, पण पाडलेली झाडं, उडवलेले मोऱ्यांचे पूल आणि पेरलेले सुरुंग यांनी तो बंद केला होता. रणगाडे पुढे जायचे तर सॅपरनं आधी जायचं. काम सुरू होतं न होतं तोच मॉर्टरचा मारा आला. राण्यांच्या तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी, आणि जखमींमध्ये ते स्वतः. तरी संध्याकाळपर्यंत वाट मोकळी केली. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत ते सुरुंग शोधत आणि दोरी ओढून वर चालकाला थांब-चल सांगत, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी सलग बारा तास. तिसऱ्या दिवशी पाच मोठे चीड आडवे टाकलेले, भोवती सुरुंग, वरून मशीनगनचा मारा. ते दोन तासांत हटवलं. ११ तारखेला सतरा तास काम करून चिंगसपर्यंतचा रस्ता उघडला. १२ एप्रिलला फौज राजौरीत पोचली. १९५०मध्ये परमवीरचक्र जाहीर झालं, जिवंतपणी ते मिळालेल्या मोजक्यांपैकी ते एक. सारी नोकरी फौजेतच करून मेजर म्हणून निवृत्त झाले, पुण्यात संसार केला आणि ११ जुलै १९९४ला पुण्यातच वारले. ती बातमी आप्पांनी कात्रीनं कापून पेन्शनच्या पुस्तकात ठेवली होती.

बरवालीला आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. खाली दरीत पायऱ्यापायऱ्यांचं गव्हाचं रान, वर चीड, आणि डांबरी वळणावरून शाळेची पिवळी बस गेली. आईनं विचारलं, “सुरुंग काढतात म्हंजे नेमकं काय करतात?” इतकी वर्षं संसार करून हे तिनं त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आप्पांनी मला एकदा अंगणात दाखवलं होतं ते मी तिला दाखवलं. पालथं पडायचं. सळई सरळ उभी खुपसायची नाही, तिरकी घालायची, म्हणजे टोक सुरुंगाच्या माथ्यावर न पडता कडेला लागतं. दोन-दोन बोटांवर एकेक टोचणी. काही लागलं की सळई ठेवायची आणि बोटांनी माती बाजूला करायची. तपासलेल्या जागेच्या कडेनं पांढरी फीत अंथरत जायची, कारण मागून येणाऱ्याला तेवढीच खूण. आई ऐकत होती. एकदम म्हणाली, “अगं बया. म्हणून होय.” कशाबद्दल ते मला तेव्हा कळलं नाही.

चिंगसला मोगलांची जुनी सराई आहे. लाहोर-काश्मीर वाटेवर बादशहा इथे मुक्काम करत. १६२७मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेत वारला. शरीर लाहोरपर्यंत टिकावं म्हणून त्याची आतडी काढून इथे पुरली, ती कबर सराईच्या आवारात आहे. नूरजहान बरोबर होती. दगडी कमानीच्या सावलीत बसून आईनं ही हकीकत ऐकली आणि म्हणाली, “बरं होतं बाई तिचं. शेवटपर्यंत नवऱ्याबरोबर हिंडायला तर मिळालं.” पलीकडून बकरवालांचं एक बिऱ्हाड उन्हाळ्यासाठी वरच्या कुरणांकडे निघालं होतं. शेळ्या, घोडी, घोड्यावर बांधलेलं तान्हं मूल, पुढे नवरा, मागे बायको, म्हातारी सगळ्यात शेवटी काठी घेऊन. आई त्यांच्याकडे दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. त्या माणसांचं सगळं घर चालत होतं, कुणी मागं राहिलेलं नव्हतं.

राजौरीत शिरलो तेव्हा शहरात १३ एप्रिलच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. फौज १२ला पोचली, पण मुक्तिदिन इथे १३ला पाळतात. १९४७च्या दिवाळीत इथे जी कत्तल झाली तिच्याबद्दल लोक आजही आवाज उतरवून बोलतात. पुरुष कापले गेले, कित्येक बायकांनी अब्रू वाचवायला विष घेतलं, विहिरी जवळ केल्या. त्या माणसांची आठवण म्हणून शहरात बलिदान भवन आहे. मी आतापर्यंत राण्यांची गोष्ट शौर्याची म्हणून ऐकत आणि सांगत आले होते. तिथे उभं राहिल्यावर ते बारा तास आणि सतरा तास कशासाठी होते ते समजलं. रस्त्याच्या टोकाला उरलेली बायकापोरं होती. सैन्य एक दिवस उशिरा पोचलं असतं तर त्यातली आणखी किती गेली असती, हा हिशोब धारेवर पालथं पडून काम करणाऱ्या त्या माणसानं केलेला होता. त्याला उठू देत नव्हता तो हाच हिशोब.

रात्री चालकाच्या नात्यातल्या एका घरी जेवायला जावं लागलं. ‘जावं लागलं’ म्हणते, कारण नाही म्हणायची सोयच नव्हती. आमच्याकडे पाव्हण्याला चहा विचारतात आणि पाव्हणा आधी नको म्हणतो, मग घेतो. इथे विचारतच नाहीत, ताट येतं. मक्याची रोटी, साग, ताक, वर घरच्या लोण्याचा गोळा, आणि आधी मिठाचा चहा. आईनं मिठाचा चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. घरातले आजोबा त्या १९४७च्या दिवाळीत पोटात होते. त्यांच्या आईनं पुढचे महिने जंगलात, गुराख्यांच्या कोठ्यात काढले आणि रस्ता खुला झाल्यावर पोराला घेऊन शहरात परत आल्या. ते आईला म्हणाले, “बहनजी, आपके साहब क्या काम करते थे फौज में?”

आणि आई बोलायला लागली. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत, मधेमधे सरळ मराठीत. एका मे महिन्यात आप्पा सुट्टीवर होते. अंगण झाडताना तिच्या नाकातली मोरणी पडली. लग्नातली, सोन्याची, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. आप्पांनी कुणालाही अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. सुतळी बांधून अंगणाचे चौकोन केले. पोती शिवायचा दाभण घेतला आणि पालथे पडले. तिरका दाभण, दोन-दोन बोटांवर. झालेल्या चौकोनाच्या कडेला चुन्याची रेघ. गल्लीतले लोक भिंतीवर बसून हसत होते, सुभेदाराला ऊन लागलं म्हणत होते. दुपारी चारला तुळशीपाशी मोरणी सापडली.

“मी म्हटलं, आता तरी उठा, जेवा. पहाटेची गाडी. सुट्टी संपली.” आईनं रोटी खाली ठेवली. “तर म्हणतात, अजून अर्धं अंगण राहिलंय.”

“फिर?” त्या घरच्या सूनबाईंनी विचारलं.

“फिर क्या. दिवे लागेपर्यंत पालथेच. उरलेल्या चौकोनात सापडलं काय? एक गोटी, एक पाच पैशाचं नाणं आणि बैलाच्या नालेचे खिळे. ते खिळे माझ्या हातावर ठेवून म्हणाले, हे पोरांच्या पायात गेले असते.”